वाचनालयाचा सर्व्हर हलवण्याआधी

प्रिय भावा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की वाचनालयाचा सर्व्हर अजून सेंटओएस सात या जुन्या लिनक्सवरच आहे, तेव्हापासून जीवाला चैन नाही बघ. अरे, तिचे अपडेट ३० जून २०२४ लाच बंद झाले, त्यानंतर सुरक्षेतली जी जी भोकं सापडली ती तुझ्या मशीनवर तशीच उघडी पडलीत. चालतंय की, असं तू म्हणणार, पण त्याच मशीनवर सगळ्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत ना.

रॉकी किंवा अल्मा घेतलंस तरी चालेल, सेंटओएसच्याच घरातली लिनक्स आहेत ती, तुझा हात लगेच बसेल. पण मला विचारशील तर डेबियन १३ टाक, तेही लिनक्सच, या आवृत्तीचं नाव ट्रिक्सी, ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि वर दोन वर्षं एलटीएस म्हणजे लांबवलेला सपोर्ट, तेव्हा २०३० पर्यंत बघायला नको. त्यातली सॉफ्टवेअरं जरा जुनी असतात ही तुझी तक्रार मला माहितीये, पण मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण आठव, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिन, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरणं, अर्धा सेकंद उशिरा होतंय एवढंच खटकलं, तो मागे लागला आणि एक्सझेडमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला. ते व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या शाखेत पोचलं होतं, स्टेबल या पक्क्या शाखेत नाही. माझा जीव स्टेबलवर आहे तो उगाच नाही.

आता कामाचं. जुन्या मशीनवर काही चढवत बसू नको, शेजारी नवीन मशीन घे आणि डेटा तिकडे ने. तुझा डेटाबेस पोस्टग्रेस ९.२ असणार, सेंटओएसबरोबर आलेलं, ट्रिक्सीत १७ आहे. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल, जुन्या मशीनच्या पीजी-डंप या प्रोग्रामने काढू नको, नव्या मशीनवरच्या १७ च्या पीजी-डंपने जुन्या सर्व्हरला जोडून काढ, ते मागे ९.२ पर्यंतचं वाचतं.

आणि हे नीट वाच, मी यात एक अख्खी रात्र घालवलीये. पोस्टग्रेस टाकायच्या आधी लोकेल, म्हणजे मशीनची भाषेची सेटिंग, यूटीएफ-८ केलंय का ते बघ, मराठी अक्षरं ओळखणारी पद्धत ती. माझ्याकडे लोकेल नुसतं 'सी' होतं, त्यामुळे डेटाबेस एसक्यूएल-आस्की या मराठी अक्षरं न ओळखणाऱ्या एन्कोडिंगमध्ये तयार झाला आणि मला पत्ताच नाही. डंप भरायला घेतला, इंग्रजी पुस्तकं भराभर गेली आणि मराठी नावं आली की एरर, व्हॅल्यू टू लाँग, म्हणजे मजकूर फार लांब. पन्नास अक्षरांचा कॉलम, नाव वीस अक्षरांचं, मग लांब कसं? शेवटी एका ओळीत 'पुणे' शब्दाची लेंग्थ काढून बघितली तर उत्तर आलं १२. चार यायला पाहिजे होती, प, उकार, ण, मात्रा. तो अक्षरं मोजतच नव्हता, बाइट मोजत होता, आपल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन तीन. मग क्लस्टर, म्हणजे पोस्टग्रेसचा अख्खा डेटाबेस-संच, पाडून यूटीएफ-८ मध्ये परत बनवला तेव्हा कुठं सगळं आत गेलं. तुझं सगळं कॅटलॉग मराठीत आहे, म्हणून भरायच्या आधी तू हीच 'पुणे'ची परीक्षा घे, चार आलं तरच पुढं जा.

दुसरं म्हणजे टीएमपी, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर. ट्रिक्सीत ते आता डिस्कवर नसतं, रॅममध्ये असतं, अर्ध्या रॅमपर्यंत वाढतं आणि रीबूट केलं की साफ. तुझी रोजची बॅकअप स्क्रिप्ट आधी तिथंच फाइल टाकते, दोन जीबीच्या मशीनवर ते महागात पडेल, जागा बदल.

वाचनालयाचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे त्या पीएचपीच्या ५.४ वरून थेट ८.४ वर जाणार म्हणजे जुना कोड थोडा रडणार, यादी एकेक करून वाचणारं ईच फंक्शन तर आठपासून काढूनच टाकलंय, ते आधी शोधून त्याजागी फोरईच कर. फायरवॉल चालू करायच्या आधी एसएसएचला परवानगी दे, आणि पासवर्ड लॉगिन बंद करताना एक टर्मिनल उघडं ठेवून दुसऱ्यातून एसएसएचच्या किल्लीने, म्हणजे पासवर्डऐवजीच्या की-फाइलने, आत जाता येतंय का बघ, मगच पहिलं बंद कर.

शनिवारी वाचनालय बंद झालं की फोन लाव, डंप घेताना मी लाइनवर थांबतो, कितीही वाजू देत. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच