चि. मुक्तास

मखमलाबाद, नाशिक
पौष वद्य द्वादशी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल एकादशी झाली. अण्णा दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी जाऊन निवृत्तिनाथांचे दर्शन घेऊन रात्री उशिरा परतले. आत्याचे गुडघे पुन्हा धरल्यामुळे ती यंदा एसटीने गेली. तुझी खुशाली विचारावी आणि तिळाचे लाडू कुरिअरने पाठवल्याचे कळवावे, एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे. सप्ताहातल्या त्या संध्याकाळचा विषय काढायचा नाही, असे ठरवले होते. परंतु तू पहाटे बंगळूरला निघालीस तेव्हा अण्णा फवारणीला गेलेले होते आणि तुम्ही दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलला नाहीत, हे मनातून जात नाही.

महाराजांनी कीर्तनात विचारले की, माणूस माकडापासून झाला असेल तर आजची माकडे माणसे का होत नाहीत, आणि सारा मंडप हसला, तेव्हा तू उभी राहिलीस. तू सांगितलेस ते बरोबर होते. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही; चिंपांझी आणि आपण एकाच पूर्वजाची दोन घराणी असून ती सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि चुलतभाऊ हयात आहे म्हणून कोणाचे आजोबा खोटे ठरत नाहीत. मागे बायकांच्या रांगेत बसून हे ऐकताना मला जो अभिमान वाटला, तो मी तुला त्या रात्री सांगितला नाही, कारण त्याच क्षणी पोटात गोळाही आला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हापासून चारचौघांत असे काही बोलणाऱ्या प्रत्येकाच्या आईचा विचार माझ्या मनात येतो. आपल्या मंडपातली माणसे तुला लहानपणापासून ओळखतात, हे मला कळते. तरीही जपून बोलत जा.

अण्णा दुखावले ते महाराजांना उत्तर दिल्यामुळे नव्हे. घरी आल्यावर त्यांनी मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन असा क्रम लावून, आपल्याकडे हे आधीपासूनच सांगितले आहे असे म्हटले आणि तू ताट बाजूला सारून हसलीस, त्यामुळे दुखावले. दशावतारात उत्क्रांती शोधणे मलाही पटत नाही. कासवाचा डुक्कर झालेला नाही, आणि निसर्गनिवडीला पुढे माणूस घडवायचा आहे याची काही कल्पना नसते, हे मी दहावीच्या वर्गात इतके दिवस शिकवत आले. अशा जुळवाजुळवीत विज्ञानही बिघडते आणि पुराणही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्या रात्री अण्णा शास्त्र सांगत नव्हते. मुलगी ज्या विषयासाठी घर सोडून एवढ्या लांब गेली, त्या विषयाला आपल्या देवघरात कुठे जागा करता येते का, हे ते त्यांच्या परीने पाहत होते. ते तुला दिसले नाही याचे वाईट वाटते. असो, पुन्हा तेच लिहू लागले.

तुझा राग कुठून येतो हेही मला ठाऊक आहे. २०१८ च्या जानेवारीत केंद्रातल्या मनुष्यबळ विकास राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत येऊन डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला आणि माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिलेले नाही असे सांगितले, तेव्हा तू आठवीत होतीस. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडले, त्या बातमीचे कात्रण तू कपाटाच्या दारावर चिकटवलेस. ते अजून तिथेच आहे. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेल्याचे उघड झाले आणि १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिले, तेव्हा तुझ्याइतकीच मीही संतापले होते. आपल्या राज्याच्या पुस्तकात दुसऱ्या भागातला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, याचे मला नेहमी समाधान वाटत आले. हाडे, खडक आणि जनुके यांबद्दल पोथी काही सांगत असेल तर तिथे पोथीने मागे सरावे, हे मी मुलांना शिकवले आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायला तुला सांगत नाही.

मात्र अण्णांना उत्क्रांती कळत नाही, असे तू धरून चालतेस, ते मला मान्य नाही. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस झाला की डावणी ही बुरशी येते, आणि एकच औषध पुन्हा पुन्हा मारले की पुढे डावणी त्याला दाद देत नाही, हे त्यांच्याइतके नीट आपल्या शिवारात कोण सांगेल? तू चौथीत असताना त्यांनी तुला बांधावर उभे करून सांगितले होते की औषधाने बुरशी शहाणी होत नाही. तिच्यात थोडी चिवट असतेच, बाकीची मरते, आणि मोकळ्या झालेल्या रानात त्या चिवटाचीच पिलावळ वाढते, म्हणून औषध बदलत राहावे लागते. निसर्गनिवड याहून वेगळी काय असते? सगळी बाग डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेल्या थॉमसन या एकाच जातीच्या द्राक्षाची, त्यामुळे एका वेलीला जे बाधते ते सगळ्या वेलींना बाधते, हेही त्यांचेच निरीक्षण. डार्विननेही आपल्या १८५९ च्या ग्रंथाचा आरंभ गॅलापागोसच्या पक्ष्यांपासून न करता पाळीव जनावरे आणि लागवडीची पिके यांपासूनच केला होता.

नांदूर मधमेश्वरची आठवण येते. थंडीत तुला पक्षी दाखवायला पहाटे मोटारसायकलवर पुढे बसवून नेणारे अण्णाच होते. मी मागे कुडकुडत असे. तिथल्या गोदावरीच्या गाळात नामशेष हत्तीची हाडे सापडली होती आणि १९०५ साली त्यांवर भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या नियतकालिकात लेख आला, हे मी तुम्हाला सांगितले, तेव्हा तू परतीच्या वाटेवर सारखी रस्त्याकडेची माती पाहत होतीस. ‘तो हत्ती आता का नाही?’ या तुझ्या प्रश्नाला त्यांनी ‘देवाची मर्जी’ असे उत्तर दिले नव्हते. ‘आईला विचार’ असे म्हणाले होते. आजही ते श्रावणात ज्या ब्रह्मगिरीची फेरी करतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा डोंगर आहे हे त्यांना माझ्याकडून ठाऊक आहे, आणि फेरी थांबलेली नाही.

एक शेवटचे लिहिते, मग उपदेश पुरे. डार्विन आणि एमा यांचे लग्न १८३९ साली झाले. एमा श्रद्धाळू होती. सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचे नाही ही सवय आपला नवरा, जे तसे सिद्ध होण्यासारखेच नाही त्यालाही लावील आणि आपण दुरावू, अशी भीती तिने त्याला पत्र लिहून कळवली होती. ते पत्र त्याने जन्मभर जपले आणि आपण ते चुंबून त्यावर रडलो आहोत असे त्याच्याखाली लिहून ठेवले. १८४४ साली सिद्धान्ताचा कच्चा मसुदा तयार झाला, तेव्हा आपण अचानक मेलो तर तो छापून घेण्याची जबाबदारी त्याने पत्र लिहून सोपवली, तीही एमावरच. तिचे मत त्याने बदलले नाही, तिने त्याचे बदलले नाही, आणि १८८२ मध्ये तो जाईपर्यंत दोघे एका घरात राहिले. तू अण्णांचे मत बदलावेस असे मला वाटत नाही, आणि तू दिंडीत चालावेस असाही माझा आग्रह नाही. तू फोन करावास एवढेच वाटते. हे मी आधीही लिहिले असेन, रागावू नकोस.

आज चहा घेताना त्यांनी विचारले, ‘ती तिकडे बुरशीवर काम करते की चिलटांवर?’ मला नक्की सांगता आले नाही. त्याचे उत्तर मला लिहून पाठवू नकोस, त्यांनाच सांग. फवारणी आटोपून ते साडेआठपर्यंत घरी येतात आणि नऊनंतर त्यांचा फोन चालू असतो.

तुझी,
आई

ता. क. निळ्या ट्रंकेची किल्ली तू बरोबर नेलीस का? आत्याची शाल तीत राहिली आहे.