सायबाची चूल पेटली, मिस्त्रीकाका

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन साधा, त्यामुळे हे पत्र नातवाने वाचून दाखवावं लागेल. त्याला म्हणावं, सावकाश वाच, यात माझी माफीही आहे.

देवळाली कॅम्पातल्या आमच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात विटांची जुनी फायरप्लेस आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही तिला ‘सायबाची चूल’ म्हणालात. मी लहानपणापासून तिच्यात छत्र्या आणि रद्दीच पाहिली. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडकडे द्राक्षबागांत रात्रीच्या शेकोट्या पेटतात आणि इथे आईचे गुडघे धरतात. म्हणून त्या कोनाड्यात काचेच्या दाराची, लाकडं जाळायची लोखंडी पेटी बसवायचं ठरवलं.

पेटी विकणारा म्हणाला होता, “ढकला आत, झालं.” तुम्ही म्हणालात, “ताई, पेटी नंतर. आधी नरडं बघू.”

त्या नरड्यातून, म्हणजे धुराड्याच्या नळीतून, पाकोळ्यांच्या घरट्यांच्या तीन पाट्या निघाल्या. आतून डांबरासारखा काळा, चकाकता थर होता. तो पेटला तर धुराडंच पेटतं, हे मला तेव्हा कळलं. मग तुम्ही वरच्या तोंडावर ओलं पोतं टाकलंत, खाली ओल्या पाल्याचा धूर केलात आणि माळ्यावर चढलात. मला हाक मारून दाखवलंत: दोन विटांमधला चुना झडला होता आणि त्या फटीतून धूर येत होता. सागवानी तुळई तिथून चार बोटांवर. काका, तो धूर अजून डोळ्यांपुढे येतो.

आणि मी काय केलं? काम लांबलं म्हणून तोंड फुगवलं. सिमेंटची गोणी आणून ठेवली. तुम्ही तिच्यावर बसून चहा प्यायलात. “या मऊ विटेला सिमेंट म्हणजे म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला तरणा गोऱ्हा. म्हातारंच मोडणार.” चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, कालवलीत, सांधे भरलेत, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेत. आत जाळाच्या कोनाड्याला मात्र फायरक्ले, आच सोसणारी माती.

पाइपवरून तर मी भांडलेच. एवढं मोठं धुराडं असताना पुन्हा ३१६ ग्रेडच्या स्टीलचा ६ इंची पाइप पेटीपासून थेट वरपर्यंत कशाला? तुम्ही शांतपणे सांगितलंत, लहान चुलीचा धूर मोठ्या नळीत गार पडतो, गार धूर वर चढत नाही आणि भिंतीला डांबर धरतो. गंजलेली झडप कापून काढलीत, पाइपभोवतीची मोकळी जागा पत्र्याने बंद केलीत, वर जाळीची टोपी बसवलीत. माप घेतानाही मी फक्त समोरची रुंदी घेतली होती. कोनाडा मागे निमुळता होत जातो, हे तुमच्याच टेपने दाखवलं. नाहीतर पेटी अंगणातच राहिली असती. माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून लाकडी फळीपासून ठेवायचं अंतर माझ्या मुलीने वाचलं आणि तुम्ही खडूने रेघ मारलीत. ती रेघ मी अजून पुसलेली नाही.

परवा पहिल्यांदा पेटवली. फोडून वाळवलेली बाभळीची लाकडं, दोन एकमेकांवर आपटून टणटण वाजतात का ते बघून. पुस्तकी हिशेबात ओल २० टक्क्यांच्या आत लागते, तुमचा कान त्याच कामाचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय. त्या वायूला ना वास ना रंग, तिथे तुमचं नाक काय करणार!

आई पहिल्यांदाच शाल काढून बसली. तुम्ही जास्तीचे पैसे घेतले नाहीत, तेव्हा निदान जेवायला तरी या. वर्षातून एकदा नरडं साफ करायचं म्हणालात, म्हणून लांब दांड्याचा ब्रश आणून ठेवलाय. पण कौलांवर चढणार कोण? येताना नातवालाही घेऊन या.

तुमची,
बंगल्यातली भांडखोर ताई