पंचवीस मिनिटं, पण कधी?

ट्रॉम्सो, नॉर्वे

प्रिय सुहास,

हिमाद्रीसाठी, म्हणजे आर्क्टिकमधल्या आपल्या भारतीय संशोधन केंद्रासाठी, तुझी निवड झाली, पेढे बाकी आहेत! नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरब्येन ते न्यू-ओलेसुंद, म्हणजे हिमाद्री आहे त्या गावापर्यंत, किती वेळ लागतो, असं विचारलंयस. हवाई अंतर साधारण ११० किलोमीटर, वेळ पंचवीसेक मिनिटं. मुंबई-पुणे समज. पण हा आकडा आईंना सांगून मोकळा होऊ नकोस, आणि 'अमक्या वारी पोचतो' असं तर मुळीच म्हणू नकोस.

आधी इथून वरचा टप्पा. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन सुमारे ९६० किलोमीटर, जवळपास नाकासमोर उत्तरेला. विमान पावणेदोन तासांच्या आत पोचवतं. भिंतीवरच्या नकाशात स्वालबार्ड अवाढव्य दिसतं, त्यावर जाऊ नकोस. ७८ अंश अक्षांशावर तो नकाशा अंतरं जवळजवळ पाचपट ताणतो. रेखांशाचा एक अंश गोव्यात १०७ किलोमीटर भरतो, तिथे जेमतेम २३.

आणि व्हिसा नीट बघ. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिकडे जाताना तू शेंगेनमधून बाहेर पडतोस, म्हणजे परतताना पुन्हा प्रवेश लागणार. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पंचाईत.

लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ साली सुरू झाला. धावपट्टीखालची जमीन बारमाही गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात फुगतो, म्हणून डांबराची डागडुजी सतत चालू असते. पुढे न्यू-ओलेसुंदला रस्ताच नाही. नेहमीचं विमान म्हणजे डॉर्निअर २२८, तेच जे आपल्याकडे एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कानपूरला बनवते! पंख डोक्यावर असल्यामुळे कुठल्याही खिडकीतून खालच्या हिमनद्या आडकाठीशिवाय दिसतात. मी गेलो तेव्हा भेगांच्या आतला निळा रंग बघता बघता चाकं खडीवर टेकलीसुद्धा. हो, खडीच, धावपट्टी एक किलोमीटरचीही नाही.

खरी मेख इथेच आहे. फेऱ्या आठवड्यात मोजक्याच, त्यात ढग खाली उतरले की विमान उडत नाही. मग लाँगइयरब्येनला कॉफी पीत बसायचं. माझ्या मते अशा ठिकाणी 'प्रवासाचा वेळ' म्हणजे उडण्याचा वेळ धरणं हीच फसवणूक. मधे दोन-तीन रिकामे दिवस ठेव, आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच घे, थोडं महाग पडलं तरी. सामान तोलून घेतात, तेव्हा वहिनी बांधून देतील ते सगळं लोणचं आणू नकोस. थोडं आण, अर्धं इथे ठेवायला!

तिथे पोचलास की फोनची वायफाय-ब्लूटूथ बंद. अवकाशातले क्षीण रेडिओ संकेत टिपणारे अँटेना आहेत, त्यांना कसलाही व्यत्यय चालत नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर व्हॉट्सॲपवर उत्तर आलं नाही म्हणून गोंधळ उडेल. गावाजवळ हवाई जहाज बांधून ठेवायचा एक उंच लोखंडी मनोरा दिसेल. १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन आणि नोबिले यांचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज इथूनच निघून ध्रुवावरून अलास्कात उतरलं. साधारण तीन दिवस लागले त्यांना. तू एवढ्यात वैतागू नकोस!

तारखा ठरल्या की लगेच कळव, जाता-येता मुक्काम आमच्याकडेच. आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध