ओवी आधी कानावर पडू द्या

संपादक महोदय,
ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ आला की वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या काही ख्रिस्ती घरांतून 'ख्रिस्तपुराण' वाचायचे ठरते आणि चार दिवसांत ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. बहुधा सुरुवातच चुकते. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचा 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलेला हा ग्रंथ सुमारे 11 हजार ओव्यांचा आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. उपवासकाळात थेट दुसऱ्या पुराणातले ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे अवस्वर, म्हणजे अध्याय, काढावेत. रोज चाळीस-पन्नास ओव्या पुष्कळ झाल्या.

वाचन मोठ्यानेच हवे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, चौथा आखूड आणि मोकळा. मराठीच्या स्तुतीची ओवीच घ्या: 'रत्नकिळा', 'निळा', 'चोखळा' असा चढत जाणारा आवाज 'भासा मराठी'वर उतरतो. तिथे श्वास घ्यावा. गद्यासारखे एका दमात वाचले की यमक विरते, अर्थही निसटतो. मूळ छपाई रोमी लिपीतली, त्यामुळे देवनागरी आवृत्त्यांत काही शब्दांची रूपे वेगवेगळी दिसतात. अडलेला शब्द सोडून पुढे जावे, ओवी संपेपर्यंत तो बहुधा उलगडतो.

नंतर बायबलमधल्या शुभवर्तमानातला तोच उतारा वाचावा. कवीने काय वाढवले, कुठे रेंगाळला, ते तेव्हाच कळते. ख्रिस्ती वाचकाने ज्ञानेश्वरीही जवळ ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात ख्रिस्त शोधायला नव्हे. स्टीफन्स यांची ओवी कोणत्या परंपरेतली, ते ऐकायला.

— एक वाचक, वेंगुर्ले