घोडा उभा करायला वेळ लागतो

मा. संपादक,

चवथ झाल्यावर मुलाकडे चेन्नईला जाऊन आलो. तिथे आयलँड मैदानाजवळ भर रस्त्यात उंच चौथऱ्यावर एक गोरा साहेब घोड्यावर बसलाय, मेजर जनरल सर थॉमस मन्रो, मद्रासचा गव्हर्नर. रिक्षावाला म्हणाला नीट बघा सर, खोगीर नाही रिकीब नाही, शिल्पकार विसरला आणि नंतर लाजेनं जीव दिला. मी खरंच मानलं! घरी येऊन शोधलं तर सगळी थाप, फ्रान्सिस चँट्रीनं लंडनमध्ये केलेले चौथा जॉर्ज आणि वेलिंग्टन पण असेच बिनरिकिबीचे आहेत, ती त्याची स्टाइलच होती.

आपण गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा उचलून जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये ठेवला, ते बरंच केलं. चेन्नईच्या लोकांनी मन्रोला राहू दिला, रयतेकडून थेट सारा घेण्याच्या रयतवारी पद्धतीवाला म्हणून असेल. तो वाद मला घालायचा नाही. मला लागली ती तारीख. मन्रो १८२७ ला कॉलऱ्यानं गेला आणि पुतळा उभा राहिला १८३९ ला, म्हणजे १२ वर्षं, आणि समुद्राचं खारं वारं खात अजून तसाच उभा आहे.

आणि आमच्या पेडण्याहून जवळच मालवणला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला, कोसळला २६ ऑगस्ट २०२४ ला, नऊ महिने पण नाही, एक पावसाळा धड काढला नाही. तो तर उभा पुतळा होता, अश्वारूढ म्हणजे घोडा आणि स्वार दोघांचं ओझं घोड्याच्या बारीक पायांवर, त्यात एक पाय उचललेला दाखवायचा तर आणखी कठीण. आमच्याकडे मात्र सर्कल झालं की घोडा पाहिजेच, तारीख मंत्र्यांच्या सोयीनं आधी ठरते आणि शिल्पकार मागाहून शोधतात.

गोव्यात करणारे नव्हते असं पण नाही. पणजीतला संमोहनविद्येच्या आबे फारियाचा पुतळा १९४५ चा, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, रोज त्याच्यासमोर सेल्फी काढतात पण कामतांचं नाव विचारा, दहातल्या नऊ जणांना येणार नाही.

म्हणून एवढंच मागणं, पुढचा घोडा कुठल्याही सर्कलवर बसवा, पण चौथऱ्यावर मंत्र्यांच्या नावाखाली का होईना शिल्पकाराचं नाव, ओतकाम कुठे झालं आणि धातू कुठला ते कोरा. फायबर असेल तर फायबर म्हणून लिहा.

एक वाचक, पेडणे