लिनोवाल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, नमस्कार.

तुम्हाला न विचारता तुमचं नाव इथे लिहिणं बरं दिसत नाही. सिव्हिल लाइन्समधल्या उन्हाळी कलामेळ्यात लिनोकटचा, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (लिनोवर) कोरून कागदावर छापलेल्या चित्रांचा, स्टॉल लावून बसलेल्या ताई, एवढ्यावरून ओळखणारे ओळखतीलच.

आमच्या लेकीनं तोंडावरच विचारलं, "हे छापलेलं आहे, मग चित्र कसं?" तुम्ही हसलात आणि कोरलेला लिनोच तिच्या हातात दिलात. त्यावरचा फुटाळा तलाव उलटा होता. उजवीकडची झाडं डावीकडे. थंडीत लिनो कडक होतो, कोरायच्या आधी शेकावा लागतो, मेमध्ये मात्र नागपूरचं ऊनच ते काम फुकटात करतं, हे तुम्ही सांगितलंत. उन्हाचं कौतुक करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं, बापा! कागदाखाली पेन्सिलीनं लिहिलेल्या ७/२५ चा अर्थही तेव्हाच कळला: एकूण २५ प्रती, त्यातली ही सातवी.

एवढं समजावल्यावर कोणीही पाकीट उघडायला लावलं असतं. तुम्ही म्हणालात, "आधी सगळे स्टॉल फिरून या. आणि विचारा, लाजता काहून?" सीताबर्डीवर कोणी दुकानदार असा सल्ला देईल का?

आम्ही फिरलो. मातीची भांडी करणाऱ्या मुलीकडे तुमच्या सांगण्याप्रमाणे वाडगा उलटा करून बूड पाहिलं, रोज आंबट वरण वाढलं तर चालेल का तेही विचारलं. गोंड चित्रं काढणाऱ्या पोरानं ठिपक्या-रेघांची भरण दाखवली. प्रत्येक चित्रकाराची भरण वेगळी, सहीसारखी. पाटणगढच्या जनगढसिंह श्यामांनी ही भिंतीवरची कला कागद-कॅनव्हासवर आणली, हे त्यानं अभिमानानं सांगितलं. नागपूर १७०२ मध्ये वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं, आणि गोंड चित्राबद्दल चित्रकारालाच विचारायचा योग आम्हाला आता आला.

परतलो तेव्हा एक गृहस्थ तुमच्याशी घासाघीस करत होते, "एका कागदाचे दोन हजार?" तुम्ही न चिडता कागद, शाई, बिघडून फेकलेल्या प्रती, स्टॉलचं भाडं, सगळा हिशेब मांडलात. माझं स्पष्ट मत आहे की मॉलमधल्या पोस्टरला मुकाट पैसे मोजणाऱ्यांनी हातानं काम करणाऱ्याशी तरी भाव करू नये. ते गृहस्थ काही न घेता गेले, तो भाग वेगळा.

फुटाळा आम्ही घेतला. कूलरच्या झोतासमोर लावू नका, ओल धरून कागदाला लाटा येतात, ही तुमची ताकीद पाळली आहे. फ्रेमवाला काच थेट कागदावर बसवत होता. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालून मधे फट ठेवच, म्हणून मी अडून बसलो. ऊन येत नाही अशी भिंत मात्र आमच्या घरात एकच, तिथलं कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं आणि त्यावरून थोडी कुरकुर झाली.

लेकीनं आता लिनो आणि कोरण्या आणल्या आहेत. पहिलाच ठसा घेतला, त्यात तिचं नाव उलटं उमटलं. तुम्ही रविवारी शिकवता का, असं ती विचारते आहे. शिकवत असाल तर फीसकट कळवा. आणि पुढच्या मेळ्यात टेबल, पंखा, वायर काहीही कमी पडलं तर हक्कानं सांगा, आम्ही धरमपेठेतच राहतो.

तुमचा,
७/२५ वाला