मोठी खोली

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा, तुमचं ते नुसतं "बरं" ऐकलं की माझं पुढचं वाक्य घशातच राहतं. सोमवारी राजीनामा दिला. तुम्हाला न विचारता. आई, आधी पूर्ण वाच, मग रड.

बँडचा दुसरा अल्बम करायचाय. पहिल्याची गाणी सहा वर्षं साठत होती, दुसऱ्याला तेवढा वेळ कोण देतो? ऑफिसातून दमून आल्यावर ते होत नाही. बाबा विचारतील, आधी कुणी केलंय का असं? अमेरिकेतल्या स्टूजेस नावाच्या रॉक बँडने केलंय. १९७० साली त्यांचा 'फन हाउस' आला, तोही दुसराच. निर्माता डॉन गॅलुचीने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले गालिचे, आवाज अडवायचे आडोसे सगळं काढायला लावलं. चौघांनी आणि एका सॅक्सोफोनवाल्याने, कार्यक्रमात वाजवावं तसं एका खोलीत एकदम वाजवलं. सात गाणी, जेमतेम ३६ मिनिटं. सगळे आवाज एकमेकांत शिरलेत आणि तीच त्याची मजा आहे. तेव्हा फारसा खपला नाही, हे लपवत नाही. पण १९९९ मध्ये त्याच रेकॉर्डिंगचे सगळे टेक, म्हणजे गाणं पुन्हा पुन्हा वाजवून केलेले सगळे प्रयत्न, सात सीडींच्या पेटीत निघाले. हो, एकोणतीस वर्षं फार झाली. मी दोनच मागतेय, आणि तेवढी शिल्लक खात्यात आहे. तुमचा आरोग्य विमा ऑफिसच्या पॉलिसीत होता, तोही आधी वेगळा काढला आणि मगच राजीनामा दिला.

खरं तर लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. त्यांचा गायक इगी पॉप ट्रेलरमध्ये वाढला, म्हणजे चाकांवरच्या चिमुकल्या घरात. वडील शिक्षक. ड्रम मावेनात म्हणून आई-वडिलांनी आपली झोपायची खोली त्याला देऊन टाकली. हे वाचलं आणि हॉलमध्ये सरकवलेला तुमचा पलंग डोळ्यांसमोर आला. "उन्हाळ्यापुरता," म्हणाला होतात बाबा. चौदा उन्हाळे झाले. दुपारी मी वाजवत असले की आई कानावर उशी दाबून पडायची, आणि मी थांबले की तीच बाहेरून ओरडायची, "का गं, थांबलीस का?"

मी वेळेवर जेवते. झोपही होते, बऱ्यापैकी. वाजवताना इअरप्लग घालते, आई, शपथ. १०० डेसिबलला उघड्या कानांनी पंधरा मिनिटंसुद्धा जास्तच, हे मला पाठ आहे.

रविवारी ड्रम न्यायला येतेय. त्याच दिवशी पलंग आत जाईल, यावर चर्चा नको. बाबा, बास ड्रमला एकट्याने हात लावायचा नाही, कंबर तुमची आहे. रक्तदाबाची गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, मागच्या वेळी घेतल्या होत्यात. मला कळतं सगळं.

आणि भिंतीला ठोकलेल्या जुन्या रजया मी आल्यावरच काढू. उजवीकडच्या रजईमागे भिंतीचा चांगला वीतभर पोपडा गेलाय. नववीत असताना. काठी फेकली होती मी.

तुमची,
धाकटी